तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

"विमानात रडली तर काय करशील गं?" निघायच्या आधी महिनाभर मला हा एकच प्रश्न ऐकावा लागला. रडली. वीसेक मिनिटं रडली आणि झोपून गेली. खरी डोकेदुखी विमानात नव्हतीच. ती जन्मदाखल्यावरच्या एका नावात होती, मुंबईपर्यंतच्या पावणेचारशे किलोमीटरमध्ये होती आणि सासूबाईंनी मायेनं भरलेल्या एका पिशवीत होती. नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन आम्ही दिरांकडे, जर्मनीत स्टुटगार्टला, तीन आठवडे राहून आलो. पहिल्यांदाच बाळ घेऊन निघणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी, ते त्याच क्रमानं सांगते. दुबई-सिंगापूरला जाणारेही आपल्याकडे पुष्कळ, त्यामुळे तिथलंही थोडं सांगेन.

पहिली पायरी: जन्मदाखला

तिकिटाचे दर नंतर बघा, आधी दाखला हातात घ्या. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, पण दवाखान्यातून जन्माची माहिती त्याआधीच महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे गेलेली असते. (जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते.) त्यामुळे दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा बऱ्याचदा रिकामी असते. बारा महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क पडत नाही, नंतर विलंब शुल्क लागतं. पण परदेशी जायचं असेल तर बारा महिने कशाला थांबायचं? बारशाच्या पुढच्या आठवड्यातच जाऊन या.

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. म्हणजे दाखल्यात जे चुकलं ते पुढे सगळीकडे चुकतं.

आमचं काय चुकलं ते ऐका. दवाखान्यातला फॉर्म माझ्या नवऱ्यानं पहाटे अडीच वाजता भरला. आईच्या नावाच्या रकान्यात त्यानं माझं सासरचं नाव लिहिलं आणि माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. चूक सर्वस्वी आमची. पण ती निस्तरायला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे यांत पाच आठवडे गेले. तेव्हा आईबाबांची नावं दोघांच्या पासपोर्टवर आहेत तशीच दाखल्यावर लिहा, इंग्रजी स्पेलिंगसकट. आजोबांच्या कागदावर पोवार आणि बाबांच्या कागदावर पवार, ही गोष्ट कोल्हापुरात काही नवी नाही. घरात ती खपून जाते, व्हिसाच्या खिडकीवर नाही.

दुसरी पायरी: बाळाचा पासपोर्ट

बाळ कितीही लहान असलं तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवर नाव चढवून भागायचं ते दिवस गेले. अर्ज ऑनलाइन भरायचा. आपण पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण टपाल खात्यातलं सेवा केंद्र कोल्हापुरातच आहे. तारीख फार लांबची मिळत असेल तर पुण्यात मुंढव्याला जावं लागतं. लहान मुलांच्या पासपोर्टची फी १,००० रुपये, आठ वर्षांच्या आतल्या मुलांना नव्या अर्जावर १० टक्के सवलत. मुदत पाचच वर्षांची असते.

आईवडील दोघांच्या सहीचं 'अनेक्शर डी' हे घोषणापत्र जोडायचं. एकाचीच संमती मिळत असेल तर 'अनेक्शर सी'. दोघांचे पासपोर्ट चालू असतील तर ते सोबत न्या, काम बरंच सोपं होतं. बाळाला प्रत्यक्ष न्यावंच लागतं. दूध पाजून, झोप झाल्यावरची वेळ निवडा.

चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच न्यायचा असतो, मागं पांढरं आणि मापानं ४.५ गुणिले ३.५ सेंटिमीटर. हा फोटो काढणं हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवायचं आणि वरून फोटो काढायचा. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, आणि मान धरणारा कुणाचा हात दिसता कामा नये. गालावरची तीट पुसा. आमच्या स्टुडिओवाल्या काकांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवत चाळीस फोटो काढले, त्यातला एक जमला.

पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि बाळाचं नाव व वडिलांचं नाव एकत्र येतं. तिकीट काढताना अगदी त्याच क्रमानं टाका.

तिसरी पायरी: तिकीट

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून जाऊ शकतं. त्याचं तिकीट बहुतेक मोठ्या कंपन्यांत मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के अधिक कर असं पडतं, काही स्वस्तातल्या कंपन्या ठरावीक रक्कम घेतात. एका मोठ्या माणसामागं मांडीवर एकच बाळ, हेही लक्षात ठेवा. जुळी असतील आणि आई एकटी असेल तर गणित बदलतं. परतीच्या तारखेआधी दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते.

तिकीट काढल्याबरोबर कंपनीला फोन करून पाळणा मागा. ते त्याला बॅसिनेट म्हणतात. तो फक्त पुढं भिंत असलेल्या मोजक्या जागांवर लागतो आणि पहिल्यांदा मागेल त्याला मिळतो. वजनाची मर्यादा कंपनीनुसार साधारण १० ते १४ किलोच्या दरम्यान असते, लांबीचीही असते. आमची लेक आठ किलोची, तिचे पाय जेमतेम मावले. शिवाय सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलून घ्यावं लागतं, मग ती गाढ झोपेत का असेना.

आता आपल्याकडचे लोक हमखास फसतात ती गोष्ट. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००.५०' असं असेल तर तुम्ही १४ तारखेला रात्री साडेनऊ-दहालाच विमानतळावर हवे. म्हणजे कोल्हापूर १४ ला सकाळी सोडायचं. १५ तारखेला दुपारी डबा बांधून निघालात तर विमान केव्हाच गेलेलं असेल.

आणि विमानतळ कुठला तेही वाचा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. नुसतं 'मुंबई' वाचून अंधेरीकडे गाडी वळवू नका.

मधे थांबा असलेलं तिकीट स्वस्त पडतं. बाळ असेल तर मी दहा-पंधरा हजार जास्त देऊन थेट विमान घेईन. झोपलेलं बाळ, दोन बॅगा आणि तपासणीची दुसरी रांग, पहाटे चार वाजता: ते पैसे तिथं आठवतात.

चौथी पायरी: व्हिसा आणि विमा

बाळाला व्हिसाही वेगळा लागतो. जर्मनी, फ्रान्स, इटली वगैरे शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा फी नाही (अर्ज केंद्राचे सेवाशुल्क मात्र असतं) आणि बारा वर्षांखाली बोटांचे ठसे नाहीत. बाळाच्या नावानंही किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ब्रिटनला बाळाची फी मोठ्यांइतकीच भरावी लागते.

आई किंवा बाबा एकटेच बाळाला घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असू द्या. कुणी विचारेल की नाही सांगता येत नाही, पण विचारलं आणि नसलं तर खोळंबा होतो. जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि त्यांच्या तीन-तीन झेरॉक्स हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही.

पाचवी पायरी: बाळाचे डॉक्टर

निघायच्या निदान महिनाभर आधी जाऊन या. लसीचं कार्ड घेऊन जा आणि प्रवासाच्या तारखा कॅलेंडरवर दाखवा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस नेमकी प्रवासात येत असेल तर काय करायचं ते आधी ठरतं. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी नेण्याआधी गोवराची लस द्यावी, अशी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची शिफारस आहे. तुमच्या बाळाला काय योग्य ते डॉक्टर सांगतील. आफ्रिकेत जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीबद्दल खास विचारा, कारण नऊ महिन्यांच्या आत ती सहसा देत नाहीत.

औषधं लिहून घ्या, इंग्रजीत, वजनाच्या हिशेबानं डोससकट. पॅरासिटामॉलबाबत एक गोष्ट जपा. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा २५०. सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून मोजला तर दुप्पट किंवा चौपट औषध पोटात जातं. तिकडे गेल्यावर तिसऱ्याच ताकदीची बाटली मिळते. म्हणून आपली नेहमीची बाटली आणि तिचा ड्रॉपर सोबत न्यावा. ओआरएसची पुडी ज्या मापाच्या पाण्यात सांगितली आहे तेवढ्यातच पूर्ण ओतायची, चमचा-चमचा करून अंदाजानं नाही.

"प्रवासात झोपेचं औषध द्या" असा सल्ला मला तीन जणांनी दिला. आमच्या डॉक्टरांनी हात जोडले. काही बाळं त्या औषधांनी उलट चेकाळतात, आणि श्वासाचा धोका वेगळाच.

सहावी पायरी: आज्जीची पिशवी

इथं मी जास्त थांबणार आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या याद्यांत ही पिशवी नसते आणि आपल्या घरात ती असतेच.

आमच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते, कोल्हापुरी चटणी होती, घरचं साजूक तूप होतं, नरसोबावाडीचे पेढे होते, नाचणीचं पीठ होतं, बाळगुटीची डबी होती, शिवाय धुरीसाठी ओवा आणि शेपा. एकेक करून बघू.

दुबईला किंवा सिंगापूरला जाणार असाल तर लाडू आणि चटणी यांची आधी चौकशी करा. डिंकाच्या लाडवात आणि आपल्या कांदा-लसूण चटणीत बऱ्याच घरांत खसखस घालतात. यूएई आणि सिंगापूर या दोन्ही ठिकाणी खसखशीला बंदी आहे, कारण तिकडचा कायदा तिला अफूच्या झाडाचं बी म्हणून बघतो. 'चिमूटभरच आहे हो' हे तिथल्या अधिकाऱ्याला मराठीतून सांगून उपयोग नाही. बिनखसखशीचे लाडू करून घ्या किंवा लाडू कोल्हापुरातच संपवा. बाळंतिणीचं तोंड तेवढं चालतंच.

युरोपला जाणार असाल तर दूध आणि मांस यांचे पदार्थ बंद. म्हणजे तूप, पेढे, खवा, सुकं मटण, सगळंच. सूट आहे ती बाळाच्या दुधाच्या पावडरीला आणि बाळाच्या तयार खाण्याला: दुकानातलं सीलबंद, उघडेपर्यंत फ्रिज न लागणारं, माणशी दोन किलोपर्यंत. सासूबाईंचं तूप ठेवून यावं लागलं. अर्धा दिवस अबोला होता.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची, नाचणीचं पीठसुद्धा. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या खाण्यासाठी जागेवरच ४०० डॉलर दंड होतो.

नाचणीचं पीठ आम्ही जर्मनीला नेलं, दूध पावडर न मिसळता, पाकिटावर इंग्रजीत नाव लिहून. मूगडाळ-तांदूळ न्यायची गरज नाही, कुठल्याही मोठ्या शहरात मिळतात. काजळ नेऊ नका. काही काजळात शिसं सापडलं आहे आणि अमेरिकेत तसल्या काजळाला परवानगीच नाही. आणि ओवा-शेप्याची धुरी? तिकडच्या घरात छतावर धुराचा भोंगा असतो. आमच्या दिरांनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं, "वहिनी, धुरी नको, खाली अग्निशमनवाले येतील."

चांदीचे वाळे, मनगट्या, कमरेची साखळी काढून घरी ठेवा. तपासणीच्या यंत्रात वाजतात आणि हरवले तर जन्मभर ऐकावं लागतं. काळ्या मण्यांचा दोरा चालतो.

सातवी पायरी: कोल्हापूर ते विमानतळ

तीन वाटा आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोचते. बाळ गाडीत छान झोपतं, पाय पसरायला जागा मिळते आणि घाटातल्या वळणांचा त्रास होत नाही. विमान रात्रीचं असेल तर दिवसभर मुंबईत नातेवाइकांकडे अंघोळ-जेवण-झोप करून निवांत जाता येतं. माझं मत याच्याच बाजूनं.

दुसरी वाट महामार्गाची. रस्त्याची कामं आणि कऱ्हाड-साताऱ्याची गर्दी धरून नऊ-दहा तास हिशेबात घ्या. खंबाटकी आणि बोरघाटाच्या आधी तासभर बाळाला पोटभर पाजू नका, ओकतं. दर दोन तासांनी थांबून बाळाला सीटवरून बाहेर काढा.

तिसरी वाट उजळाईवाडीहून विमानानं. पण दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. या वाटेनं जायचं तर मुंबईत एक रात्र मुक्काम धरा. पुणे आणि गोव्यातलं मोपा इथूनही मोजकी परदेशी विमानं आहेत, तुमच्या देशाचं असेल तर तेही बघा.

आठवी पायरी: विमानतळ आणि विमान

बाबागाडी घडी होणारी घ्या. ती विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथं टॅग लावून घेतात. उतरल्यावर ती दारातच मिळते की सामानाच्या पट्ट्यावर, ते आधी विचारून घ्या. बाळाला अंगाशी बांधायची झोळीही ठेवा.

द्रव पदार्थांची १०० मिलीची मर्यादा बाळाच्या दुधाला, खाण्याला आणि औषधाला लागू नाही, प्रवासापुरतं नेता येतं. मागायच्या आधीच ते वेगळं काढून दाखवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला विमानातली हवा कोरडी आहे म्हणून पाणी पाजू नका, दूधच जास्त वेळा द्या.

कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. गिळण्यामुळं कानातला दाब सारखा होतो, म्हणून विमान खाली यायला लागलं की पाजायला घ्या. विमान टेकायच्या अर्धा तास आधीच उतरू लागतं, चाकं टेकायची वाट बघू नका. आम्ही जाताना चढतानाच सगळं पाजून टाकलं आणि उतरताना तिला भूकच नव्हती. ती वीस मिनिटं तेव्हाची.

हातातल्या पिशवीत तासाला एक या हिशेबानं डायपर, बाळाचे दोन जोड कपडे आणि आईबाबांचा प्रत्येकी एक शर्ट. शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही. ओकारी बाळाच्या अंगावर कमी आणि आपल्या अंगावर जास्त पडते.

नववी पायरी: तिकडे उतरल्यावर

गाडीत बाळाला मांडीवर घेऊन बसायची आपली सवय तिकडे चालत नाही. जर्मनीत बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलांची सीट लागते, यूएईत चार वर्षांपर्यंत सक्तीची आहे. सिंगापुरात उंची १.३५ मीटरखाली असेल तर लागते, टॅक्सीला सूट आहे पण ॲपवरून मागवलेल्या खासगी गाडीला नाही. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकाला सीट आणायला सांगा. आम्ही तो प्रश्नच टाळला. फ्रँकफर्टच्या विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून रेल्वेनं गेलो. सहा वर्षांखालच्या मुलांना जर्मन रेल्वेत तिकीट नाही.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पोचणार असाल तर डायपर संपलेल्या अवस्थेत पोचू नका. तातडीचा नंबर युरोपात ११२, सिंगापुरात रुग्णवाहिकेसाठी ९९५, यूएईत ९९८. फोनमध्ये टाकून ठेवा.

वेळेचा फरक बाळाला कळत नाही. पहिले चार दिवस आमची लेक पहाटे तीनला टक्क जागी, कारण कोल्हापुरात तेव्हा उजाडलेलं. दिवसा उजेडात फिरवा, रात्री दिवे लावू नका आणि पहिल्या तीन दिवसांत कुठलंही स्थळदर्शन ठरवू नका. मऊ भात, मेतकूट, तेलाची मालिश, नेहमीची दुपट्याची घडी यांपैकी जे घरी चालतं ते तिथंही चालू ठेवा.

परतताना

परतीची विमानं मुंबईत बहुधा रात्रीच उतरतात. तिथूनच गाडी काढून कोल्हापूर गाठायचा मोह होतो. करू नका. ड्रायव्हर तुमची वाट बघत दिवसभर जागा असतो आणि तुम्हीही. मुंबईत झोपा, सकाळी निघा. घरी पोचायची नक्की वेळ मात्र कुणाला सांगू नका, नाहीतर दारात सगळी गल्ली उभी असते. आम्ही फक्त सासूबाईंना सांगितलं होतं. त्या भाकरतुकडा हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या, लेक खांद्यावर गाढ झोपलेली. त्यांनी आवाज न करता ओवाळलं, तुकडा रस्त्यावर टाकला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "वाळली गं पोर. तूप खाल्लं नसणार."